सातव्या काठीची मान

गोल्फ हा शब्द आमच्या घरात माझ्या धाकट्या भावानं आणला. त्याच्याआधी आमच्या खानदानात कोणी तो तोंडातून काढला नसेल. शहरातल्या गोल्फच्या मैदानावर तो कॅडी होता. म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन उन्हातान्हात त्यांच्यामागे फिरायचं, चेंडू कुठं जाऊन पडला ते बघायचं, आणि त्यांनी हात पुढं केला की बरोबर ती काठी हातात द्यायची. आठवड्यातून एक दिवस मैदान बंद असायचं, तेव्हा कॅडी लोकांना खेळू द्यायचे. त्या एकेका दिवसावर तो असा खेळायला शिकला की मोठमोठे लोक उभे राहून पाहायचे. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. एवढंच दिसायचं, की हा पोट्टा काठी उचलतो तेव्हा त्याच्या अंगात कुठंही घाई नसते. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरी राहते, हुडकेश्वरला. त्याच्यावर माझा किती जीव आहे हे इथं सांगत बसत नाही, पुढं कळेलच.

मी स्वतः कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका लहानशा फाउंड्रीत काम करते. मेणाच्या खात्यात. फाउंड्रीत मेण कशाला, असं सगळेच विचारतात, म्हणून इथंही सांगून टाकते. जी वस्तू धातूची हवी ती आधी मेणाची करायची. ती पांढऱ्या घोळात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं आठवडाभर. वर कडक कवच तयार झालं की भट्टीत घालायचं. मेण वितळून निघून जातं आणि आत तेवढी जागा उरते. त्या जागेत धातू ओतायचा. मेणाला जे नाक असेल तेच धातूला येतं, मेणाला जी जखम असेल तीच धातूला होते. हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण मला हे ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

सरांना आमच्याकडे आणलं तेही भावानंच. सर म्हणजे एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आठ वर्षं भाऊ त्यांची पिशवी उचलत होता. सर स्वतः भिकार खेळायचे. हे मी म्हणत नाही, भाऊच म्हणायचा, आणि तेही प्रेमानं. "सर मारतेत मौद्याकडे अन् बॉल जाते उमरेडले." पण सर चिडायचे ते स्वतःवर नाही, काठीवर. माणूस चुकणारच, काठीनं सांभाळून घ्यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा घरी आले तेव्हा खुर्ची नको म्हणाले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि मला कावडीची गोष्ट सांगितली. "बाई, दोन घागरी कावडीच्या दोन टोकांना लटकवल्या की कावड सहजी फिरत नाही. त्याच दोन घागरी मधे खांद्याजवळ आणा, कोणी बोट लावलं तरी गर्रकन फिरेल." गोल्फच्या काठीचं डोकंही तसंच, म्हणाले. पूर्वी लोखंड ठोकून ठोकून डोकी घडवायचे, भरीव, सगळं वजन मधे. चेंडू जरा कडेला लागला की डोकं हातात फिरायचं आणि चेंडू भलतीकडे. मग परदेशात एका इंजिनिअरनं मधलं वजन काढून कडांना नेऊन बसवलं. लोक त्याला हसले. ही काय काठी आहे का, म्हणाले. आणि मग एकेक करत सगळ्यांनी तेच केलं. ठोकणं मागं पडलं आणि मेणाच्या साच्यातून ओतणं सुरू झालं, कारण तसले आकार हातोडीनं निघतच नाहीत. "एका माणसाच्या मनात आलं आणि जगातल्या काठ्या बदलल्या," सर म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज कापला. तेव्हा मला ते फार आवडले होते.

सरांना त्याच्यापुढं जायचं होतं. डोक्याला जिथं दांडा बसतो त्या भागाला आम्ही मान म्हणायचो. सरांचं म्हणणं, मानेतलं वजन फुकट जातं. मान आतून पोकळ करा, भिंत पातळ करा, तिथून वाचलेले ग्रॅम उचला आणि डोक्याच्या दोन कडांना द्या. सरांनी फाउंड्रीत येऊन हे सांगितलं आणि आमच्या मालकांना ते पटलं. नमुन्याची बारा डोकी करायची ठरली. मान वेगळ्या साच्यात, डोकं वेगळ्या साच्यात, आणि मेणाचे ते दोन तुकडे जोडायचं काम माझ्याकडे आलं. बारा पास झाली की काठी लोकांना दाखवायची, आणि दाखवणार कोण, तर माझा भाऊ. पिशवी उचलणारा नाही, खेळणारा म्हणून. सरांनी त्याला तसा शब्द दिला होता. त्या दिवसापासून तो घरात चालतानासुद्धा खांदे सरळ ठेवून चालायला लागला.

पण दाखवण्याआधी तपासायचं होतं. एकेका डोक्याचे तीनशे फटके, सगळे भावानं मारायचे. आमच्या खात्यात सगळ्यांत जुन्या एक बाई आहेत, त्यांना आम्ही मोठ्या बाईच म्हणतो. त्यांनी सरांना तोंडावर विचारलं, "सर, अन् मान तुटली त मारणाऱ्याचं काय?" सर म्हणाले, "तुटणार नाही. गणित आहे." मोठ्या बाई मग माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, "माह्याकडे काय पाहून राहिल्या? सर सांगून राहिले ना!"

मला राग लवकर येतो, आणि कौतुक त्याहून लवकर चढतं. जोडकाम करायला विजेवर तापणारं पेनाएवढं हत्यार असतं. त्याला आम्ही पेनच म्हणतो. ते मेणात खोल फिरवायचं, दोन्हीकडचं मेण एकमेकांत शिरलं पाहिजे. शिरलं की बोटाला कळतं. मेण जास्त लागलं तर वजन वाढतं, कमी लागलं तर जोड कच्चा. सर खिशात सोनाराचा छोटा काटा घेऊन यायचे आणि प्रत्येक तुकडा तोलायचे. माझ्या एकाही तुकड्यानं काटा ठरलेल्या वजनावरून हलला नाही. "बाईंच्या हाताला तोड नाही," असं ते सगळ्या खात्यासमोर म्हणाले. वीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी हवेतच होते.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजतात. भट्टीचे चिमटे, ग्राइंडर, मेणाची यंत्रं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्या खात्यातले चारही पेन मी स्वतः पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, मालकांनी नारळ फोडला. एकदा हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याच्या दिवशी पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, आणि लिहिलेला नव्हता म्हणूनच कोणी मोडत नव्हतं. यंत्रं बंद, सगळे नवे कपडे घालून प्रसाद खात फिरत होते.

दुपारी सर आले. बारा मेणाची डोकी ट्रेमध्ये तयार होती, प्रत्येकावर मी नंबर कोरला होता. घोळाचा पहिला थर दसऱ्याला, पूजा उचलायच्याही आधी, पहाटेच्या मुहूर्तावर द्यायचा असं मालकांनी ठरवलं होतं. सरांनी ट्रे उजेडाकडे धरला, नीट पाहावं म्हणून, आणि सातवं डोकं घसरून फरशीवर पडलं. मान वेगळी झाली. सर बिचारे ओशाळले. "बाई, तेवढं जोडून टाका हो. दहा मिनिटांचं काम आहे तुमचं." आणि मालकांच्या केबिनमध्ये प्रसाद घ्यायला गेले.

दहा मिनिटांचंच होतं. पण पेन पाटावर बसले होते. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पेनले हात लावजो नको. सरले सांग, एक दिवस पुढं ढकला म्हणून." मी सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं मला आयुष्यात, त्या केबिनच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण सर पूजापाठाला हसायचे. त्यांनी सगळ्यांसमोर पेन उचलून दिला असता, "देवाला सांगा मी सांगितलं म्हणून" असं काहीतरी म्हणाले असते. सरांनी मला अडाणी समजू नये आणि देवानं मला पापी समजू नये, असं दोन्ही मला हवं होतं. म्हणून मी तिसरंच केलं. प्रसादाची फळं कापायची सुरी घेतली आणि चहाच्या शेगडीवर तापवली.

शेगडी होती खात्याच्या बाहेर, वऱ्हांड्यात. तिथून टेबलापर्यंत येईस्तोवर सुरी निवायची. तीन खेपा केल्या. मेण वरवर वितळायचं, चकाकायचं, आणि लगेच गोठायचं. वर पापुद्रा धरला, आत फट तशीच राहिली. बोटाला जे कळायला पाहिजे ते कळलंच नाही. मी अंगठ्यानं घासलं, फडक्यानं पुसलं, आणि ते इतकं गुळगुळीत केलं की बाकीच्या अकरांपेक्षा तेच देखणं दिसायला लागलं. मला माहीत होतं. घोळ पाण्यासारखा असतो, केसाएवढी फट मिळाली तरी आत शिरतो, तिथं दगड होऊन बसतो, आणि धातू त्या जागी जाऊच शकत नाही. इतर कुठल्या तुकड्यात चाललं असतं. त्या पातळ मानेत नाही. सर आले, काट्यावर तोललं, काटा हलला नाही. "जादूगार आहात तुम्ही बाई," म्हणाले. आणि मी हसले हो. मला त्या हसण्याची आजही शरम वाटते.

दिवाळी झाली आणि बारा डोकी ओतून, घासून, चकचकीत होऊन आली. भावाला बोलावून घेऊन सर एकेक डोकं दोरीला लटकवून लाकडी हातोडीनं वाजवायचे. तडा असला तर आवाज मरतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पहिली सहा घंटेसारखी वाजली. सातवं वाजलं, पण आवाज लवकर बसला. सरांनी पुन्हा वाजवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "हे जरा बसकं आहे. पण बसकं म्हणजे मऊ. हाताला गोड लागेल बघ." भावानं मान डोलावली. मी म्हटलं, "सर, एकदा एक्स-रे काढून आणायचा का सगळ्यांचा?" सर हसले. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हा माझा एक्स-रे. हा तीनशे मारतो, आणखी काय पाहिजे?"

हुडकेश्वरच्या पुढं नवे ले-आउट पडले आहेत. नुसते प्लॉटचे दगड, त्यांच्यावर रंगानं लिहिलेले आकडे, आणि मधे बाभळी. तिथं सरांच्या ओळखीच्या माणसाचा प्लॉट होता. चेंडू शोधत फिरायला नको म्हणून दोन लोखंडी अँगल रोवून त्यांच्यामधे जाळी बांधली. भाऊ जाळीसमोर पाच-सहा पावलांवर उभा राहायचा आणि मारायचा. सर मागं प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे, फक्त ऐकत. दर रविवारी सकाळी एक डोकं. मी डबा घेऊन जायचे आणि मोजायचे. पहिल्या रविवारी मोजताना मला काही वाटलं नाही, कारण ते पहिलं डोकं होतं. दुसऱ्या रविवारीही नाही. पण रविवार काही थांबत नाहीत. चौथ्या रविवारपासून माझ्या तोंडची चव गेली.

घरी मी उगाच भांडायला लागले. भाजीत मीठ जास्त म्हणून वहिनीवर ओरडले, बसवाल्याशी भांडले, खात्यात एकीला इतकं बोलले की ती रडली. वहिनी म्हणाली, "तुमाले काय होऊन राहिलं ताई? बीपी तपासून घ्या." काय सांगू तिला? तिच्या नवऱ्याच्या हातात काय देऊन ठेवलंय ते मला सांगायचं होतं, आणि तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघायचं.

सहावं डोकंही तीनशे फटके खाऊन पास झालं. त्या आठवड्यात शनिवारी भाऊ अंगणात काठ्या पुसत बसला होता, तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"बाबू, उद्या सातवं नको मारू."

"काहून वं ताई?"

"नको म्हणते ना. आठवं मार."

"अवं पण काहून? सर नंबरानं घेऊन राहिले. मंधातलं सोडलं त सर विचारतीन ना."

"त्याचा आवाज बरा नाही."

"सर म्हणतेत गोड आहे. तुले का सरपेक्षा जास्त समजते?" तो हसत होता. मग त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "ताई, मले माहीत आहे तुले भेव वाटते. पण पा, बारा झाले ना, की मी पिशवी उचलणार नाही कोणाची. पोरीच्या शाळेत बाप काय करते म्हणून विचारलं, त सांगता येईन."

तिथंच सांगायला पाहिजे होतं. त्याच्या तोंडावर सुरीची, शेगडीची सगळी गोष्ट फेकायला पाहिजे होती. तो सरांना सांगेल, सर मालकांना सांगतील, सगळं खातं म्हणेल की वीस वर्षं काम केलेली बाई फळाच्या सुरीनं जोड मारते. हे मनात आलं. खोटं कशाला बोलू, हेच मनात आलं. आणि मग मी स्वतःची समजूत घातली की नसेलही काही, पापुद्रा जाड बसला असेल, धातूनं सांभाळून घेतलं असेल. मी म्हटलं, "तुह्या मनानं कर," आणि उठून आत गेले.

रविवारी थंडी होती. मी डब्यात पुरणपोळ्या केल्या होत्या, का केल्या ते विचारू नका, सण नव्हता काही. सर खुर्चीत बसले, गळ्याला मफलर. भावानं सातवी काठी काढली, दोनदा हवेत फिरवली आणि सुरुवात केली. मी मोजायला लागले. पन्नास झाले. शंभर झाले. शंभरानंतर आवाज आणखी बसत चाललाय असं मला वाटायला लागलं. दीडशेला भाऊ थांबला, काठीच्या डोक्याकडे पाहिलं, अंगठा फिरवला. "काय रे?" सरांनी डोळे न उघडता विचारलं. "काही नाही सर. हाताले गोड लागून राहिलं." आणि पुन्हा मारायला लागला.

दोनशे. दोनशे दहा. मी उभी राहिले. मी ठरवलं, आता सांगते, हा एक होऊ दे, मग सांगते. दोनशे सोळा. हा एक. दोनशे सतरा. मी "थांब" म्हणाले की नाही, मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं ओरडले होते, कधी वाटतं नुसतं तोंड उघडलं होतं. काठी खाली आली, आणि चेंडूला लागण्याचा जो आवाज असतो त्याच्याऐवजी सुकी काडी मोडावी तसा बारीक आवाज आला. डोकं सुटलं, जाळीच्या अँगलवर आपटलं आणि सरळ परत आलं. सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. भावाच्या हातात नुसता दांडा होता. तो दांडा त्यानं खाली टाकला नाही, नीट जमिनीवर ठेवला, आणि मग डाव्या डोळ्यावर हात धरून खाली बसला. बोटांतून रक्त आलं. "ताई," म्हणाला, "मले काही दिसून नाही राहिलं."

डोळा गेला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसरा वाचला, हाड वाचलं, नशीब म्हणा, असंही म्हणाले. मी नशीब म्हटलं नाही.

मी वाट पाहत होते की कोणीतरी विचारेल. आता विचारतील, मग मी सांगेन. पण कोणी विचारलंच नाही, कारण सरांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. "माझी मान पातळ झाली," एवढंच ते म्हणायचे. "मी गणितात माणूस धरला नाही." कारखान्यात येणं त्यांनी बंद केलं. उरलेली डोकी वितळवून टाका म्हणून मालकांना कळवलं. मालकांनी ती अजून कपाटात ठेवली होती. भाऊ घरी आल्यावर सर रोज यायचे, सतरंजीवर बसायचे. चहा निवून जायचा. दाढी वाढली, शर्टाची बटणं वरखाली. एवढा मोठा माणूस असा मोडलेला मी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळं मोडला होता, आणि मी त्याच्यापुढं बिस्किटं ठेवत होते.

शेवटी मी भावालाच सांगितलं. दुपारची वेळ, वहिनी पोरीला आणायला शाळेत गेली होती. तो पट्टी बांधून खाटेवर पडला होता. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं: पाट, पेन, सुरी, शेगडी, अंगठ्यानं घासलेलं मेण. काही लपवलं नाही. "मले माहीत होतं बाबू," मी म्हटलं. "मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं." मी गाल पुढं केला होता खरोखर, त्यानं मारावं म्हणून.

तो उठून बसला. "म्हणजे सरचं चुकलं नाही?"

"नाही."

"अवं मंग सरले सांग ना! तो माणूस मरून राहिला तिकडं." आणि असं म्हणून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. धाकट्या भावानं. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

संध्याकाळी सर आले. मी उभ्यानंच सांगितलं, बसले तर जमणार नाही म्हणून. सर ऐकत होते, तोंडावरची रेघही हलली नाही. माझं झालं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बाकीच्या अकरा पेननं जोडल्या होत्या?"

"हो सर. सगळ्या."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात तुटलेल्या मानेचा तुकडा होता. इतके दिवस बरोबर घेऊन फिरत होते आणि पाहायची छाती झाली नव्हती, असं नंतर म्हणाले. वरच्या खिशातून भिंग काढलं, तुकडा खिडकीजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला. तुटलेल्या कडेत पांढरी बारीक रेघ होती, अर्ध्या वर्तुळाएवढी. घोळाचा दगड. मला भिंगाशिवाय दिसली.

सरांनी भिंग खाली घेतलं. मी तयार होते. शिव्या द्या, पोलिसात द्या, नोकरी घ्या, मी सगळ्याला तयार होते. सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे डिझाइन बरोबर होतं," ते म्हणाले.

भाऊ खाटेवरून म्हणाला, "मी म्हणत नव्हतो सर? तुमचं चुकूच शकत नाही."

"बरोबर होतं रे. गणित बरोबर होतं." सर खाटेवर त्याच्याशेजारी जाऊन बसले, तुकडा त्याच्या हातात दिला, रेघ कुठून कुठं गेली ते दाखवायला लागले. भाऊ उजवा डोळा बारीक करून पाहत होता. मग सरांना माझी आठवण झाली. वळून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत, फार उपकार झाले. माणूस चुकतोच." माझ्यावर कोणी रागावलंच नाही. त्या खोलीत राग फक्त माझ्या पोटात होता, आणि तो कोणावर काढावा ते मला कळत नव्हतं. अरे, डोळा गेला ना त्याचा, असं ओरडावंसं वाटलं. कोणाला ओरडू? तो गेलेल्या डोळ्याचा माणूस तर हसत होता.

"सर," त्यानं विचारलं, "मंग उरलेले पाच कवा मारायचे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. आणि सरांनी मोबाइल काढला आणि रविवार कोणता मोकळा आहे ते पाहायला लागले.